आमच्याकडे पाणी मुरतं

सध्या मी राहते त्या इमारतीला पोडियम नावाचा एक प्रकार आहे, म्हणजे मोटारींच्या डोक्यावर बांधलेलं अंगण. त्या अंगणात हिरवळ आहे आणि ती बारा महिने हिरवीगार असते, कारण ती प्लास्टिकची आहे. उन्हाळ्यात ती इतकी तापते की पोरांचे पाय पोळतात, म्हणून वॉचमन रोज दुपारी पाइप घेऊन तिच्यावर पाणी मारतो. ते पाणी जाळीतून खाली मोटारींवर गळतं आणि मोटारवाले वर येऊन त्याच्याशी भांडतात. मी गॅलरीत चहा घेत हा कार्यक्रम बघत बसते. सून विचारते, "आई, रोज काय हसता एवढं?" आता तिला काय सांगू? गवताच्या पाण्यावरून एका उन्हाळ्यात माझ्या वडिलांना चोर ठरवलं होतं आणि भर सभेत उभं राहून त्यांनी मोठ्या आनंदाने ते कबूल केलं होतं, हे सांगायला एक कप चहा पुरत नाही. म्हणून लिहून ठेवते आहे.

आम्ही तेव्हा बिबवेवाडीत राहायचो. संस्थेचं नाव 'सौजन्य'. सौजन्य होतं ते सगळं त्या पाटीतच संपलं होतं. बाबा विम्याच्या कचेरीत कारकून, बदली होऊन यवतमाळकडून पुण्याला आलेले. त्यांच्या बोलण्यात तिकडचं 'करून राहिलो', 'जेवून राहिलो' सर्रास यायचं आणि पुणेकरांना तेवढं निमित्त पुरायचं. जिन्यात कोणी सहज विचारावं, "काय इंगोले, काय चाललंय?" बाबांनी म्हणावं, "काही नाही, जेवून राहिलो होतो." की लगेच, "राहिलात? कुठे राहिलात? आम्हाला वाटलं घरीच असता." बाबा हसायचे. त्यांना टोमणा कळायला थोडा वेळ लागायचा आणि कळला तरी तो परत करण्याची सोय त्यांच्याकडे नव्हती. आईला मात्र सगळं तत्काळ कळायचं. ती वर येऊन भाकऱ्या अशा थापायची की खालच्या मजल्यावरच्यांना छत कोसळतंय असं वाटावं. रविवारी ती गोळाभात करायची. डाळीचे गोळे वाफवलेला तो भात आणि वरून हिंग-मोहरीची कढत फोडणी. त्या फोडणीचा वास गेला की शेजारच्या दारांची फटफट उघडझाप व्हायची. आमच्या बोलण्याला नाकं मुरडणाऱ्यांची नाकं रविवारी मात्र आमच्याच दाराकडे असायची.

दोन इमारतींच्या मधे एक जमिनीचा तुकडा होता. कागदोपत्री ती हिरवळ. बिल्डरने आपल्या उरलेल्या विटा, चुना, फुटक्या फरश्या आणि मुरूम तिथे गाडला होता, वर हातभर काळी माती पसरली होती आणि तिच्यावर गालिचा अंथरावा तसं गवत अंथरून तो निघून गेला होता. पहिली दोन वर्षं ते कसंबसं टिकलं. मग माती तुडवून तुडवून दगडासारखी झाली. पाळीपाळीने सभासद संध्याकाळी पाइप धरून उभे राहायचे आणि पाणी गवताला जेमतेम शिवून फाटकाबाहेर रस्त्यावर जायचं. रस्ता मात्र आमचा थंडगार. मार्च उजाडला की जमिनीला भेगा पडायच्या, पोरांच्या गोट्या त्यांत जायच्या त्या जायच्याच. शेवटी सभेत विषय निघाला की हे सगळं उकरून शहाबादी फरशी घालावी, म्हणजे स्कूटर तरी लावता येतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि आयुष्यात कधी सभेत तोंड न उघडलेले माझे बाबा उभे राहिले. म्हणाले, "फरशी नका घालू बाप्पा. जमिनीचा दोष नाही. तिला कोणी पाणी प्यायचं शिकवलंच नाही. एक उन्हाळा मला द्या."

आमचे चेअरमन लिमये सर. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले, पण शाळेने त्यांना सोडलं तरी त्यांनी शाळा सोडली नव्हती. ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, "उन्हाळा आम्ही देत नाही, इंगोले. तो येतोच. तुम्ही गवत ठेवून दाखवा. वाळलं की फरशी." झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात गवताशिवाय विषय नाही. बाबांना इतकं खुशीत मी पुण्यात आल्यापासून पाहिलं नव्हतं. मला वाटतं, आल्यापासून त्यांच्याकडे कोणी काही सोपवलंच नव्हतं.

सुरुवात मात्र त्यांनी अशी केली की शत्रूनेसुद्धा केली नसती. जवळच्या गोठ्यातून ओलं शेण आणलं आणि दिलं पसरून. पुढचे काही दिवस 'सौजन्य'मध्ये जे काही घमघमत होतं आणि घोंघावत होतं, त्याचं वर्णन मी करत नाही. वरच्या मजल्यावरच्या सोवनीबाई नाकाला पदर लावून आमच्या दारात आल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे माणसं येतात हो. तुमच्याकडे येत नसतील." शेणाच्या उष्णतेने एक अख्खा पट्टा जळून गेला तो वेगळाच. आईने कपाळाला हात लावला. "अहो, शेतकऱ्याच्या घरचे ना तुम्ही? खत कुजवून घालतात हे काहून विसरलात?" बाबा ओशाळून म्हणाले, "घालायचे माझे बाबा. मी नुसता पाहायचो." मग त्यांनी कोपऱ्यात खड्डा केला, संस्थेतला सगळा पालापाचोळा त्यात लोटला, त्यावर ते शेण, त्यावर माती. वास थांबला, आणि सोवनीबाईंना तक्रारीला काही उरलं नाही म्हणून त्या बाबांना जास्तच पाण्यात पाहू लागल्या.

मग आली पहार. कचेरीतून आले की चहा घ्यायचा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची आणि धप्प, धप्प, धप्प. त्या घट्ट जमिनीत वीतभर खोल भोकं पाडायची आणि त्यांत वाळू नि गोठ्यावरून आणलेलं जुनं, कुजलेलं खत मिसळून भरायचं. येणारा-जाणारा विचारायचा, "काय इंगोले, बोअर घेताय का?" कोणी म्हणायचं, "सांभाळून हां, पलीकडे अमेरिका लागेल." बाबा मान वर न करता म्हणायचे, "हो ना." कडेने त्यांनी विटांचा बुटका बांध घातला, म्हणजे पाणी रस्त्यावर पळू नये. गवत कापायला बंदी केली. गवत चार बोटं उंच राहिलं की त्याची सावली त्याच्याच मुळांवर पडते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे न्हाव्याकडे जायचं राहून गेलेल्या माणसासारखी ती हिरवळ दिसू लागली. रोजचं संध्याकाळचं पाणी बंद. आठवड्यातून दोनदा, पहाटे, बारीक धार सोडायची. जमीन ओली दिसली की बंद करायचं, थांबायचं, माझी वेणी होईपर्यंत पाणी आत जायचं, की पुन्हा बारीक धार. पहाटे आमच्या घरातला नळ आधी खाकरायचा, मग शिंकायचा, मग वाहायचा. आणि त्याच वेळी खालून पाइपाची ती झुळझुळ यायची. मला अजून कधीकधी जाग येते ती त्याच वेळेला.

पाणी किती खोल गेलं हे पाहायला बाबांनी आईची स्वेटर विणायची सुई पळवली. ती जमिनीत खुपसायची, लोण्यात जावी तशी गेली तर ओल आहे, अडली तर तिथून खाली कोरडं. मग रात्री जेवताना घोषणा. "आज बोटभर मुरलं." कधी "आज चांगलं मुरलं हो, पार चार बोटं." कधी ताटावर नुसतेच गप्प. आई चिडायची. "माझं लोणचं मुरलं का, हे कधी विचारलंत?" पण तांदूळ धुतलेलं पाणी ती मोरीत ओतेनाशी झाली होती. बादलीत साठवायची आणि 'मला काही त्या गवताचं कौतुक नाही' असा चेहरा करून खाली नेऊन द्यायची. मुरणे या क्रियापदाशिवाय आमच्या घरात त्या दिवसांत एकही जेवण झालं नाही.

एप्रिल आला, पाणीकपात आली, टँकर आले. टँकरचा भोंगा वाजला की अख्खी संस्था हंडे-कळशा घेऊन धावायची. आजूबाजूच्या सगळ्या बागा वाळून तांबूस झाल्या. आमची हिरवळ मात्र हिरवी राहिली. अगदी चित्रातल्यासारखी नव्हे. जरा रुसलेली, काळपट हिरवी, पण हिरवी. संध्याकाळी बायका तिच्यावर चटया टाकून वाल सोलायला बसू लागल्या, पोरं लोळू लागली. आणि एक माणूस, एक तरी माणूस, बाबांना 'वा' म्हणेल तर शपथ. पुण्यात एखादी गोष्ट चांगली झाली की ती तशी असायलाच हवी होती असं धरून चालतात. बाबा जिन्यात थोडे रेंगाळायचे, कोणी काही बोलेल म्हणून. कोणी बोलायचं नाही. मला त्यांची इतकी दया यायची की मीच एकदा म्हटलं, "बाबा, गवत छान आहे हं." ते म्हणाले, "तू घरची आहेस गं."

मग ती सभा झाली. उकाडा होता म्हणून सतरंज्या टाकून हिरवळीवरच घेतली. विषय असा की वरची टाकी लवकर रिकामी होते आणि वरच्या मजल्याला पाणी मिळत नाही. कोण किती बादल्या वापरतं यावर बरीच हमरीतुमरी झाली. तेवढ्यात सोवनीबाई उठल्या. आम्ही बसलो होतो त्या गवताकडे त्यांनी बोट केलं आणि म्हणाल्या, "सगळ्या बिबवेवाडीत गवत जळालं, आणि आपलंच कसं हो हिरवं? माणसांना प्यायला नाही आणि हे डोलतंय! मी स्पष्ट बोलते, इथे कुठंतरी पाणी मुरतंय."

आता मराठी माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. बाबांनाही एरवी लागला नसता. पण तीन महिने त्या माणसाने मुरण्याशिवाय दुसरा विचार केला नव्हता, आणि तीन महिने तो एका कौतुकाच्या शब्दाची वाट पाहत होता. 'मुरतंय' हा शब्द त्याच्या कानावर पडला, बाकीचं काही पडलंच नाही. बाबा ताडकन उभे राहिले. चेहरा असा उजळलेला की मला आधी वाटलं, आता हे सोवनीबाईंच्या पाया पडतात.

"मुरून राहिलं ना बाई!" ते म्हणाले. "तेच तर! मीच मुरवून राहिलो. मार्चपासून! आजवर कोणाच्या लक्षातच आलं नाही."

लिमये सरांनी चष्मा काढला. "इंगोले, म्हणजे आपण हे कबूल करता?"

"कबूल काय सर, अभिमानाने सांगून राहिलो. अन् वरवर नाही बरं, चांगलं खोलवर मुरवलं. पहाटे, तुम्ही सगळे झोपून राहता ना, तेव्हा."

"अहो, हा माणूस हसतोय बघा!" मागून कोणीतरी ओरडलं. आई त्यांच्या शर्टाची बाही ओढत होती, "बसा, अहो, खाली बसा," आणि बाबा तिला म्हणत होते, "थांब गं, विचारून राहिले ना ते, सांगू दे." मला धरणी दुभंगावी असं वाटत होतं, पण ती धरणी बाबांनी इतकी भुसभुशीत केली होती की दुभंगण्याचीही सोय उरली नव्हती. मग जो गोंधळ झाला त्यात बाबांचं पुढचं सगळं बोलणं बुडालं.

वर आल्यावर आईने त्यांना समजावून सांगितलं की लोक काय समजले आहेत. बाबा खुर्चीवर बसले ते बसलेच. "मला चोर म्हणून राहिले?" एवढंच म्हणाले. मग, "इतकी वर्षं कचेरीत कोणी माझ्याकडे बोट दाखवलं नाही." पानावरचं त्यांनी तसंच ठेवलं. मी त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं आणि मला सोवनीबाईंचा इतका राग आला की आजही, त्या जाऊन इतकी वर्षं झाली तरी, तो पुरता गेलेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "बदली मागून घेतो. चोर म्हणवून इथे राहायचं नाही. यवतमाळला जाऊ." माझं कॉलेज इथे, मैत्रिणी इथे, मी तोवर शेजाऱ्यांइतकीच खोचक बोलायला शिकले होते आणि त्या कलेला यवतमाळात काय गिऱ्हाईक मिळणार?

समितीने मग एक तोडगा काढला. बागेच्या नळाला कुलूप घालायचं आणि वर लाखेचं सील. आठवडाभर हिरवळीला थेंब मिळणार नाही. चोरीच्या पाण्यावर जगत असेल तर वाळेल, मग इंगोले दोषी, तशी इतिवृत्तात नोंद आणि लगेच फरशी. नाही वाळली तर आरोप मागे. लिमये सरांनी स्वतः लाख वितळवून सील केलं आणि खाली पाटी लावली, 'सील पाहण्यासाठी आहे, हात लावण्यासाठी नाही.' तेव्हापासून सगळ्या संस्थेचा जीव त्या गवतात अडकला. सकाळी दूध घ्यायला उतरलेला माणूस आधी गवत बघायचा, मग दूध. बाबा मात्र तिकडे फिरकले नाहीत. मागच्या जिन्याने कचेरीत जायचे, मागच्या जिन्याने यायचे. खिडकीत उभे राहिले तर पाठ करून.

आठवडा अर्धा सरला आणि फाटकाजवळची कड पिवळी पडू लागली. तिथे खाली बिल्डरच्या विटा होत्या, पहार काही चालली नव्हती. उन्हाने नुसता कहर मांडला होता. भाकरी करताना आईचं लक्ष खिडकीतून खाली. त्या रविवारी दुपारी जेवणं झाली, दारं-खिडक्या लागल्या, पुणं झोपलं. मी पुस्तक घेऊन पडले होते. बघते तर आई भरलेली बादली पदराखाली झाकून दबक्या पावलांनी दाराबाहेर. टँकरच्या रांगेत उभं राहून मिळवलेलं आमचं प्यायचं पाणी होतं ते. मी तिच्या मागे गेले. आणि माझ्या मागे, अनवाणी, बाबा.

आई पिवळ्या कडेशी वाकली होती. बाबांनी तिचा हात धरला.

"नको," ते हळू आवाजात म्हणाले. "काय करून राहिली तू? तुझाही विश्वास नाही?"

आईने बादली खाली टेकवली. "तुमच्यावर आहे हो. मातीवर पण आहे. या माणसांवर नाही ना. एक काडी वाळली की ही तुम्हाला जन्मभर चोर म्हणतील. मला नाही ऐकवत ते."

बाबा खाली बसले. ऊन असं की जमिनीवर पाय ठरत नव्हता. त्यांनी खिशातून ती विणायची सुई काढली, गवत बाजूला सारून जमिनीत घातली. ती आत गेली, थोडी अडली, पुन्हा गेली. बाहेर काढली तेव्हा तिच्या टोकाला काळी ओली माती चिकटलेली होती. त्यांनी ती आईच्या पुढे धरली. आईने बोट लावलं, बोट नाकाशी नेलं, आणि ती रडायला लागली. बाबा म्हणाले, "आहे ना गार? जा, ते पाणी माठात ओत." मग बादली तेच घेऊन वर गेले.

आठवडा संपला तेव्हा लिमये सर, सोवनीबाई आणि दोनचार जण पाहणीला उतरले. फाटकाची कड पिवळी, बाकी सगळी हिरवी. बाबा आले नाहीत. आई उभी होती. तिने सुई सरांच्या हातात दिली आणि कशी खुपसायची ते खुणेने दाखवलं. सरांनी ती खुपसली, काढली, टोकाची ओली माती चष्म्यावरून निरखली, मग रुमालाने सुई पुसून परत दिली. म्हणाले, "हं." सोवनीबाई म्हणाल्या, "दव पडत असेल." मे महिन्यात. वरच्या टाकीचा बॉलकॉक बिघडला होता आणि पाणी मागच्या गटारात वाहून जात होतं, असं पुढे निघालं. त्याबद्दल काही कोणी सभा घेतली नाही.

संध्याकाळी फलकावर सरांच्या वळणदार अक्षरात सूचना लागली. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, सखोल चौकशीअंती संस्थेच्या आवारात कोठेही पाणी मुरत नसल्याचे निष्पन्न झाले आहे. सबब श्री. इंगोले यांच्याविषयी कोणीही वावगे बोलू नये. हिरवळ आहे तशी राहील.' पुण्यात याला क्षमा मागणं म्हणतात. आईने ती वाचली आणि जवळजवळ धावतच वर आली. "अहो, सुटलात! चला, वाचा तरी!" तिने बाबांना हाताला धरून पुढच्या जिन्याने खाली आणलं. मी मागे. मला तर वाटत होतं की आता पेढे वाटावेत.

बाबांनी सूचना वाचली. पुन्हा वाचली. त्यांचे कान लाल झाले. रांगेत कोणी पुढे घुसलं तरी ज्यांनी कधी 'अहो' म्हटलं नाही, त्या माझ्या बाबांनी खिशाचं पेन काढलं, इकडेतिकडे न बघता फलकाची काच सरकवली आणि 'नसल्याचे' मधला 'न' नीट खोडून त्याच्या डोक्यावर ठळक 'अ' काढला.

"अहो, हे काय केलंत?" आई किंचाळलीच. "कोठेही पाणी मुरत असल्याचे! पुन्हा चोर म्हणतील ना तुम्हाला!"

"म्हणू दे," बाबा पेनाला टोपण लावत म्हणाले. "पण मुरत नाही असं कोणी म्हणायचं नाही."